मुदपाकखान्याचा चार्ज

चौतीस वर्षे महसूल खात्यात लेखणी झिजवून अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून सेवानिवृत्त झालेल्या आणि त्यानंतरची नऊ वर्षे वर्तमानपत्र, सकाळचे फिरणे व दुपारची वामकुक्षी एवढ्याच तीन कलमांवर सुखाने काढलेल्या माणसाला, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कोणताही लेखी हुकूम हाती न पडता, एका सर्वस्वी अपरिचित खात्याचा कार्यभार स्वीकारावा लागेल, अशी शंकाही माझ्या मनाला कधी शिवली नव्हती. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात, परसातल्या शेवाळलेल्या फरशीवरून आमच्या सौभाग्यवतीचा पाय घसरला, तोल सावरण्यासाठी टेकलेला उजवा हात मनगटात मोडला, आणि सहा आठवडे प्लास्टर व पुढे दोन महिने जड वस्तू उचलावयाची नाही, अशी सक्त ताकीद अस्थितज्ज्ञांनी दिल्यामुळे, ज्या खोलीत मी तोवर पाणी पिण्यापुरता आणि डब्यातले शेंगदाणे लांबवण्यापुरताच जात असे, त्या मुदपाकखान्याचा चार्ज एका ओल्या दुपारी माझ्याकडे आला. चार्ज देणाऱ्याने यादी द्यावी, घेणाऱ्याने मोजदाद करून खाली सही ठोकावी, हा आमच्या कचेरीचा शिरस्ता. येथे यादी नव्हती. फळ्यांवर लहानमोठे एकेचाळीस डबे होते, त्यांतील एकावरही चिठ्ठी नव्हती, आणि गळ्यात झोळी अडकवून दाराशी खुर्चीवर बसलेली, ‘अहो, तो नव्हे, त्याच्या मागचा’ असे सांगणारी, त्या दफ्तराची एकमेव जाणकार व्यक्ती होती.

आमच्या घरात तोवर दोन अंमल शेजारी शेजारी नांदत होते. दोन्ही वेळचे जेवण सौभाग्यवतीच्या हातचे. परंतु खालच्या कप्प्यात, नातवाचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, रंगीबेरंगी पुड्यांचे एक संस्थान होते, आणि त्याच्या कारभारात ती सहसा हात घालीत नसे. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही सकाळी आठाच्या ठोक्याला घर सोडतात ते दिवेलागणीनंतर परततात. नातू नऊ वर्षांचा. चार्ज घेतल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात मी या संस्थानाशी तह केला, हे येथे कबूल केले पाहिजे. दोन मिनिटांच्या शेवया, नुसते गरम पाणी घालावयाचे सूप, तव्यावर टाकले की फुगणारे गोठवलेले पराठे, कापून ओतावयाची आमटीसदृश वस्तू, अशा मांडलिकांच्या बळावर माझे राज्य चालले. नातू प्रसन्न होता. मीही, खरे सांगावयाचे तर, अप्रसन्न नव्हतो.

पण पाण्याला आधण येईपर्यंत करावयाचे काय, हा प्रश्न उरला, आणि त्या रिकामपणात मी पुड्यांची पाठ वाचू लागलो. ज्याने आयुष्यभर सातबाराचे उतारे आणि फेरफाराच्या नोंदी वाचल्या, त्याला बारीक अक्षराचे भय वाटत नाही. त्याला संशय येतो तो मोठ्या अक्षराचा. पुडीच्या दर्शनी बाजूस लालबुंद टोमॅटोचे चित्र आणि त्यावर दवाचे थेंब. मागील बाजूस, कायद्याने घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे भाग पडत असल्यामुळे, आधी मक्याचे पिष्ट, मग साखर, आणि मग कोठे संकोचून उभी असलेली टोमॅटोची भुकटी. म्हणजे जमिनीचा कब्जेदार मका, साखर ही कूळ, आणि ज्याच्या नावाने दस्त झाला तो टोमॅटो इतर हक्कांच्या रकान्यात. त्याखाली आकडे होते: 330, 621, 319. सूनबाईंनी संगणकावरून त्यांचा उलगडा करून दिला. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, जे लिंबातही असते. 621 म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. 319 म्हणजे तेलाला खवट होऊ न देणारे एक रसायन. हे सर्व ठराविक मर्यादेत वापरण्यास शासनाची मुभा आहे, आणि नुसता आकडा दिसला की विषाची हाकाटी करणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाही. माझ्या मनात जे टोचले ते वेगळेच. जेथे 330 हजर होता तेथे लिंबू गैरहजर होते. प्रत्येक आकडा म्हणजे एका रजेवर गेलेल्या मूळ पदार्थाच्या जागी नेमलेला बदली उमेदवार, आणि ती सबंध पुडी म्हणजे कायम कर्मचारी एकही नसलेली एक कचेरी, असे काहीसे चित्र मजसमोर उभे राहिले.

या विषयावर पुढे मी थोडेफार वाचले. निवृत्त माणसाला एकदा विषय सापडला की तो सहजासहजी सोडवत नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी 2009 च्या सुमारास अन्नाची वर्गवारी पोषकद्रव्यांवरून न करता त्यावर झालेल्या प्रक्रियेच्या मात्रेवरून करावी, असा विचार मांडला, आणि कारखान्यात मूळ धान्याची मोडतोड करून, त्यात रंग, गंध व संमिश्रके घालून बनवलेल्या वस्तूंना ‘अतिप्रक्रियायुक्त’ असा एक स्वतंत्र वर्ग नेमून दिला. 2019 मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस प्रौढ माणसांना दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही वेळी पुढे ठेवलेल्या ताटांत साखर, मीठ, स्निग्धांश व चोथा यांचा मेळ घातलेला होता, आणि हवे तितके खाण्याची मोकळीक होती. पहिल्या प्रकारात माणसे रोज सुमारे 500 किलोकॅलरी अधिक खाऊन बसली, आणि दोन आठवड्यांत वजनही वाढले. प्रयोग लहान आहे, त्यावर आक्षेपही आहेत. तथापि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी जी आहारतत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही या वर्गापासून दूर राहण्याचा सल्ला आहे, आणि माझ्या नातवाच्या संदर्भात तर मला प्रयोगशाळेच्या दाखल्याची आवश्यकताच नव्हती: दोन पोळ्यांवर हात धुणारा हा मुलगा त्या कुरकुरीत पुडीचा तळ दिसेपर्यंत थांबत नसे, आणि तळ दिसल्यावर पुडी उलटी करून झटकत असे.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. ‘प्रक्रिया’ हा शब्द अलीकडे शिवीसारखा वापरला जातो. तो तसा वापरणाऱ्याने एकदा कुरडया घालून पाहाव्यात. तीन दिवस गहू भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, वास सुटू लागला तरी नाक न मुरडता ते वाटावयाचे, पिळून चीक काढावयाचा, रात्रभर निवळू द्यावयाचा, सकाळी वरचे पाणी हळुवार ओतून देऊन खालचा चीक हिंग-मिठाच्या आधणात वैरावयाचा, हात भरून येईतो घाटावयाचा आणि तो गरम असतानाच सोऱ्यातून चैत्रवैशाखाच्या उन्हात गच्चीवर चटचट पाडावयाचा. याला प्रक्रिया म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? पापडात पापडखार असतो, तो क्षार आहे. लोणच्यात मीठ आणि तेल मूळ फळाचा स्वभाव पालटून टाकतात. आमच्या आज्या-पणज्या पिष्ट वेगळे काढणे, आंबवणे, वाळवणे, खारवणे या सगळ्या विद्यांत निष्णात होत्या. फरक इतकाच की कुरडईत शेवटपर्यंत गहू असे, आणि ती कोणी, कोठे व का केली हे खाणाऱ्याला ठाऊक असे.

आणि ‘अगदी मुळापासून’ हा दावा तरी कितपत टिकतो? उत्साहाच्या भरात मी प्रतिज्ञा केली की यापुढे या घरात केवळ मूळ पदार्थ येतील, आणि ज्या हिंगाच्या डबीवर हात ठेवून ती केली तिच्याच पाठीवर डिंक आणि पीठ यांची नावे निघाली. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की आपण वापरतो तो सारा बांधानी हिंग, पिठात व डिंकात मळलेला. शिवाय तो पिढ्यानपिढ्या अफगाणिस्तान-इराणकडून येत आला, आणि आपल्या भूमीत त्याची पद्धतशीर लागवड हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात 2020 साली प्रथम झाली. म्हणजे ज्या फोडणीला आपण घराच्या संस्कृतीचा आद्य मंत्र समजतो तीत एक परदेशी, प्रक्रियायुक्त, डबाबंद पदार्थ कायमचा ठाण मांडून बसलेला. प्रतिज्ञा तेथल्या तेथे तहकूब झाली. हद्दीचा दगड कोठे पुरावयाचा याचा निवाडा अखेर सौभाग्यवतीने केला. ती म्हणाली, ‘जे वाण्याकडे सुटं मिळत नाही ते पोटात कशाला?’ या एका वाक्याने खालच्या कप्प्यातील तीन चतुर्थांश संस्थाने खालसा झाली. हिंगाला तिने सनद दिली. चहालाही. पावाविषयीचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.

आता भाजणीविषयी, कारण माझे खरे शिक्षण तेथे झाले.

आमच्या घरच्या थालिपीठाच्या भाजणीचे प्रमाण असे: बाजरी एक किलो, ज्वारी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो, गहू पाव किलो, धने एक मोठी वाटी आणि जिरे मूठभर. हे प्रमाण मिळवण्यासच मला दोन दिवस लागले, कारण सौभाग्यवतीच्या लेखी ‘प्रमाण’ ही कल्पनाच नव्हती. ‘अंदाजाने घ्या’ हा तिचा एकमेव परिपत्रक-क्रमांक. सूनबाईंजवळ कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आहे. 1970 साली निघालेल्या या पुस्तकाने वाटी आणि चमचा ही मापे घरोघर रूढ केली, आणि सासूच्या अंदाजाच्या मक्तेदारीतून दोन पिढ्यांच्या सुनांची सुटका केली, असे माझे मत आता बनले आहे. पण आमच्या घरी त्या पुस्तकाला साक्षीदाराचा दर्जा आहे, न्यायाधीशाचा नाही. शेवटी मी तिच्या डाव्या हाताने भांड्यात टाकवून घेऊन प्रत्येक वेळी ते भांडे काट्यावर ठेवले आणि अशा रीतीने तिचा अंदाज कागदावर उतरवला. धान्ये धुऊन सावलीत वाळवावयाची. आषाढात सावली विपुल, वाळणे दुर्मीळ. नातवाच्या खोलीत पंखा मोठा म्हणून त्याच्या पलंगावर पंचे अंथरले आणि तो बिचारा दोन रात्री बैठकीत झोपला.

भाजण्याचे काम वरवर पाहता निर्बुद्धाचे दिसते. लोखंडी कढई, मंद आंच, उलथने, आणि एकेक धान्य वेगवेगळे. वेगवेगळे अशासाठी की प्रत्येकाचा दाणा निराळा, ओल निराळी, रंग पालटण्याची घटिका निराळी; एकत्र टाकले तर गहू कच्चा राहतो तोवर धने जळून जातात. बाजरी तडतडते. तांदूळ फुलून शुभ्र होतो आणि दाताखाली कुडकुडतो. हरभऱ्याची डाळ बराच वेळ काहीच घडत नसल्याचा बहाणा करते आणि मग एकाएकी साऱ्या घराला वर्दी देते. आणि उडदाची डाळ ही घात करते. ती पांढरी असते, मग किंचित गुलाबी होते, आणि त्या गुलाबीपासून तपकिरीपर्यंतचे अंतर ती इतक्या झपाट्याने कापते की तेवढ्यात मागे वळून पाहण्याचीही सोय नाही. मी वळलो. दूरध्वनी वाजला, मी शेगडी बंद केली, शेगडी बंद म्हणजे संकट टळले अशा समजुतीने बैठकीत गेलो, आणि भिशीच्या तारखेविषयी बोलत असताना आतल्या खोलीतून, अंथरुणावर पडल्या पडल्या, तिचा प्रश्न आला, ‘जळली ना?’

लोखंडाची कढई आंच बंद झाल्यावरही कितीतरी वेळ आपल्या पोटातील उष्णता सोडत राहते. डाळ गुलाबी दिसताच ती परातीत ओतून पसरावयाची असते. हे ज्ञान मला पाव किलो उडीद डाळीच्या मोबदल्यात मिळाले. पंचनामा करून डाळ बाहेर गेली. मुकाट्याने दुसरी पाव किलो धुतली, पुन्हा एक दिवस पंख्याखाली ठेवली, आणि या वेळी कढईसमोर असा उभा राहिलो की जणू तिजोरीवरचा पहारेकरी. त्या उभे राहण्यात मला एक गोष्ट उमगली, आणि ती चौतीस वर्षे टेबलाच्या मागे बसून उमगली नव्हती: असे काम की ज्यात हात सतत चालतो, डोळा एका जागी खिळलेला असतो, नाक साक्षीला असते, आणि तरीही बाहेरून पाहणाऱ्याला ‘काही विशेष चाललेले नाही’ असेच वाटते, असे काम या घरात रोज चालत आले होते, आणि बाहेरून पाहणारा मी होतो.

गिरणीत गेलो तर गिरणीवाल्याने विचारले, ‘कशावर घालू?’ प्रश्नाचा अर्थच मला कळेना. रांगेतल्या एका आजीबाईंनी माझ्या वतीने उत्तर दिले, ‘ज्वारीवर घाल रे, आणि जरा रवाळ ठेव.’ आधीच्या दळणाचे पीठ जात्यात अडकलेले असते, ते आपल्या पिठात उतरते. म्हणून मिरचीवर तर नाहीच, पण गव्हावरही भाजणी घालावयाची नसते. पीठ गरम असताना डब्याला झाकण लावावयाचे नाही, हेही त्यांनीच जाताजाता सांगितले. वाफ आत धरली की पीठ जाळी धरते. तीन किलोंचा तो डबा घरी आणून उघडा ठेवला तेव्हा जो वास दरवळला त्याचे वर्णन करण्याच्या फंदात मी पडत नाही. ज्यांच्या घरी भाजणी होते त्यांना तो ठाऊक आहे. त्या पिठात कोणतेही टिकाऊ रसायन नव्हते. भाजताना दाण्यातली ओल निघून जाते, तोच त्याचा टिकाऊपणा, आणि तो आमच्याकडे दोन महिने पुरला.

पहिले थालिपीठ तव्यावर पडले ते रविवारी सकाळी. ओल्या फडक्यावर गोळा थापावयाचा, मधे आणि भोवती भोके पाडावयाची, त्यांतून तेल सोडावयाचे, वर झाकण. भोके पाडण्याचे काम नातवाने मागून घेतले. त्याने पाच पाडली, नंतर डोळे व तोंड म्हणून ती थोडी हलवली, आणि त्या चेहऱ्याचे तुकडे लोण्यात बुडवून खाल्ले. दुसरे मागितले. तिसरे मागितले नाही, पोट भरले म्हणाला. पुडीच्या बाबतीत हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

येथवर सर्व ठीक होते, आणि मी विजयाच्या धुंदीत थोडासा उपदेशकही बनलो होतो. घरचे ते घरचे, पूर्वीच्या बायका पाहा, हल्लीच्या घरांतून वरण-भाताऐवजी पुड्या शिजतात, वगैरे. एका संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आल्या, पर्स खांद्यावरच होती, आणि माझे हे प्रवचन ऐकून शांतपणे म्हणाल्या, ‘बाबा, पुडी मी चवीसाठी आणत नव्हते. साडेसात वाजलेले असायचे म्हणून आणत होते.’

मी गप्प बसलो. पण गप्प बसलेला कारकून हिशेब करतो. दुसऱ्या दिवसापासून मी एका जुन्या वहीत रोजकीर्द ठेवू लागलो: दूध तापवणे व विरजण लावणे, कणीक तिंबणे, पोळ्या, मेथी निवडणे, नारळ खवणे, साय साठवून आठवड्याने लोणी काढणे व तूप कढवणे, दळण, वाणसामान, भांडी, ओटा. घड्याळ लावून, प्रामाणिकपणे. पहिल्या आठवड्याची बेरीज एकतीस तास आली. मी नवशिका आहे, असे गृहीत धरले तरी पुढल्या तीन आठवड्यांची सरासरीही त्याच आसपास राहिली, कारण जसजसा हात बसला तसतशी माझी कामेही वाढत गेली. एकतीस तास म्हणजे वर्षाला 1,612. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, म्हणजे 67,704 तास. मग सहज, केवळ तुलनेसाठी, माझ्या नोकरीचा हिशेब मांडला: दिवसाचे सात तास, वर्षाचे दोनशे चाळीस दिवस, चौतीस वर्षे. 57,120. माझ्या सबंध हयातीच्या नोकरीहून तिची नोकरी साडेदहा हजार तासांनी मोठी होती, आणि माझे सेवापुस्तक जाडजूड आहे, त्यात प्रत्येक रजेची, प्रत्येक वेतनवाढीची नोंद आहे, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन बँकेत जमा होते. तिचे सेवापुस्तकच कधी उघडले गेले नाही, मग निवृत्ती कोठली आणि वेतन कोठले.

वही मी तिला दाखवली. तिने डाव्या हाताने चष्मा लावला, बेरजा तपासल्या आणि विचारले, ‘यात लोणची-पापड धरलेत का?’

धरले नव्हते.

तेव्हापासून या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. कारखान्याची पुडी आपल्याला अन्न विकते असे आपण समजतो. वस्तुतः ती वेळ विकते, आणि अन्न हे त्या वेळाचे वेष्टन असते. ज्या घरात वेळ फुकट मिळत होता, म्हणजे एका माणसाकडून न विचारता घेतला जात होता, त्या घराला ही पुडी महाग आणि अनावश्यक वाटावी यात नवल नाही. ‘आमच्याकडे विकतचे काही चालत नाही’ असे अभिमानाने सांगणारे अनेक गृहस्थ मी पाहिले आहेत, मी स्वतः त्यांतला एक होतो, आणि आमच्यापैकी एकानेही कधी उडदाची डाळ भाजली नव्हती. म्हणून घरच्या अन्नाची स्तुती कोणी करू लागला की ते कोणाच्या तासांतून आले, हे मी आता आधी विचारतो. प्रश्न थोडा उद्धट आहे, पंगतीत विचारण्याजोगा नाही, पण विचारतो.

पापडाच्या बाबतीत मला तर दुसरेच उदाहरण फार आवडते. 1959 च्या मार्च महिन्यात मुंबईला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला, त्यातून पुढे लिज्जत ही संस्था उभी राहिली. पापड तोच, उडदाच्या डाळीचा. लाटणे तेच, खांदे भरून आणणारे. घरात ज्या श्रमाला काही मोल नव्हते त्याच श्रमाचा तेथे मोबदला मिळू लागला, आणि लाटणारी बाई मालकीण झाली. त्यामुळे पापड आम्ही विकत आणतो, आणि त्यात मला यत्किंचितही कमीपणा वाटत नाही. वाण्याकडे पापड सुटा मिळत नाही, हे खरे. सौभाग्यवतीने या कलमास विशेष बाब म्हणून मंजुरी दिली आहे.

गोडा मसाला मात्र घरी होतो. धने, सुके खोबरे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र; वर्षातून एकदा, फाल्गुनात, दोन दिवसांचे काम. त्यातले दगडफूल हे फूल नव्हेच, खडकावर व झाडाच्या सालीवर उगवणारे शैवाक आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले. चौतीस वर्षे आमटी ओरपली ती अज्ञानात. मेतकुटाचा एक घाणा झाला, त्यात मेथ्या जास्त झाल्या आणि तो कडवट घाणा मी एकट्याने दोन महिने मऊ भाताबरोबर संपवला, कारण टाकावयाचे धैर्य नव्हते आणि दुसऱ्याला वाढावयाचे तर त्याहून नव्हते.

सर्वच काही जिंकले गेले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. खालचा कप्पा पुरता रिकामा झालेला नाही. परीक्षेचे दिवस, पाहुणे, चिरंजीवांची रात्रपाळी अशा प्रसंगी दोन मिनिटांच्या शेवया अजून या घरात शिजतात, आणि मित्राच्या वाढदिवसाहून आल्यावर नातवाच्या खिशात रिकाम्या पुड्यांचे चकाकते कागद सापडतात. मी ते पाहतो आणि पाहिले नाही असे करतो. जे बदलले ते एवढेच की रविवारी सकाळचे दोन तास आता घरातल्या पाचही माणसांच्या नावे लागलेले आहेत. चिरंजीव कांदा चिरतात, जाडसर, पण चिरतात. सूनबाई आठवड्याच्या भाज्या निवडून डब्यांत भरतात. नातू नारळाची शेंडी सोलतो व खोबऱ्याचा पहिला तुकडा पळवतो. या व्यवस्थेने एकतीस तासांचे एकतीसच राहिले. फक्त ते एका खात्यावर खर्ची पडत नाहीत.

सौभाग्यवतीचा हात पूर्ण बरा होऊन आता दीड वर्ष उलटले. पोळ्या ती करते, कारण माझ्या पोळीचा नकाशा अजून कोणत्याही गावाच्या हद्दीशी जुळत नाही. एकेचाळीस डब्यांवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. मुदपाकखान्याचा चार्ज तिने अद्याप परत मागितलेला नाही, आणि उडदाची डाळ भाजताना घरातला दूरध्वनी वाजला तर तो ती उचलते.